फळ्या सगळ्यात शेवटी घ्या

वाचकांचे प्रश्न : घर आणि आवार

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचं घर जांबोटीच्या अलीकडे, शेतातच आहे. जांभ्या चिऱ्याचं नवं बांधकाम, जोतं दोन फुटांचं. आता मागच्या दारी, पश्चिमेला भातशेताच्या अंगाला, १२ बाय १० फुटांचा लाकडी डेक करायचा म्हणून पुण्याचा मुलगा मागं लागला आहे. गणपतीला सगळी मंडळी येतात तेव्हा बसायला जागा पुरत नाही, हेही खरंच. सुतार म्हणतात, सगळं सागवान घाला, काही होत नाही. फॅब्रिकेटर म्हणतात, लोखंडी सांगाडा करून वर प्लॅस्टिक-लाकडाच्या पट्ट्या टाका. मुलगा म्हणतो, वर छप्पर नको, उघडंच छान दिसतं. पैसे ठरलेले आहेत, त्यावर रुपया जाणार नाही. कुठं किती घालावेत?
– एक भगिनी, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : ताई, तिघांनीही तुम्हाला फळ्यांबद्दलच सांगितलं. माझं म्हणणं असं की फळ्यांचा विचार शेवटी करा. आधी खालची जमीन, मग वरचं छप्पर, मग मधलं लाकूड. पैसेही त्याच क्रमानं बाजूला काढा. आपल्याकडं बहुतेक जण उलट करतात. सागवान घेण्यात पैसे संपतात आणि मग खाली खांब मातीत पुरून काम उरकलं जातं.

तुमचा भाग म्हणजे कणकुंबी-चोर्ल्याच्या पावसाचा शेजार. मृगापासून सुरू झालं की तरणा पाऊस, म्हातारा पाऊस संपेपर्यंत उन्हाचं तोंड दिसत नाही. लाकूड नुसतं भिजलं म्हणून बिघडत नाही. भिजून पुन्हा वाळलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. त्यातली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊन तिथंच महिनोन्‌महिने राहिली, की बुरशीला जागा मिळते. भर पावसाळ्यात हवेतला दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास असला, तर पाण्याचा थेंब न लागताही लाकूड १८ ते २० टक्के ओल धरतं. म्हणजे ते आधीच काठावर उभं असतं. त्यात खालून जमिनीची वाफ आणि पश्चिमेचा तिरका झोड लागला, तर सागवानाचंही काही चालत नाही. म्हणून पैसा पाणी अडवण्यात आणि वारा खेळवण्यात घाला.

आता तुमच्याच मापावर हिशेब करू. जोतं २४ इंच आहे, तर डेकचा माथा २२ इंचांवर ठेवा, म्हणजे पाणी उंबऱ्याकडे येणार नाही. वरची फळी १ इंच, तिच्याखालचे आडवे वासे ४ इंच, त्याखालच्या तुळया ५ इंच. हे झाले १० इंच. उरलेल्या १२ इंचांत काँक्रीटचे ९ बाय ९ इंचांचे बुटके खांब. लाकडाचा एकही खांब जमिनीत जाणार नाही, हे सुतारांना पहिल्याच दिवशी सांगा. तीन तुळया, प्रत्येकीखाली तीन बुटके खांब, म्हणजे एकूण नऊ. प्रत्येकाचा खड्डा दीड बाय दीड फूट आणि दोन फूट खोल. काँक्रीट साधारण ४५ घनफूट लागेल, त्याला १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात आठेक पोती सिमेंट. हा खर्च डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो कापण्याचा मोह होतो. तो कापू नका. गणपतीत पंधरा-वीस माणसं एकदम उभी राहतात, ती या नऊ खांबांवर.

काँक्रीट ओतायच्या आधी खड्ड्यांत आणि डेकखालच्या सगळ्या जमिनीवर वाळवीचं औषध मारून घ्या. आयएस ६३१३ हे त्याचं भारतीय मानक आहे. ठेकेदाराला त्याचा आकडा सांगून काम मागितलं की तो पातळ औषध शिंपडून निघून जात नाही. मग खांब आणि तुळई यांच्यामध्ये जस्ताच्या पत्र्याची टोपी बसवा. पत्रा चारी बाजूंनी दोन इंच बाहेर काढून खाली वाकवायचा. वाळवी काँक्रीटवरून मातीची नळी करत चढते. पत्र्याशी आली की तिला वळसा घालावा लागतो आणि ती नळी तुम्हाला दिसते. दिसली की खरवडून टाकता येते. नऊ पत्र्यांना काही फार पैसे लागत नाहीत, आणि सगळ्या कामात माझा सर्वांत लाडका खर्च हाच आहे.

डेकखालची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती करा, पन्नास फुटांना एक फूट या हिशेबानं. तुमच्या १० फुटांना अडीच इंचांच्या आसपास उतार येईल. वर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर तीन इंच खडी. कडेला पाणी वाहून नेणारी चर हवीच. बाजूंना जाळी लावा, फळ्या ठोकून बंद करू नका, वारा आरपार गेला पाहिजे. आणि एक कळकळीची विनंती : डेकखाली जळण, शेणी, जुनी पोती ठेवू नका. कोरडी जागा दिसली की आपल्या घरांत तिथं काहीतरी सारलं जातंच. वाळवीला ते आमंत्रण आहे, आणि पावसाळ्यात सापाकिरड्यालाही.

डेक घराच्या भिंतीला बोल्टनं जोडू नका. एक इंच फट सोडून तो स्वतःच्या पायावर उभा राहू दे. भिंतीला चिकटलेल्या लाकडामागं पाणी अडकतं आणि नेमकी तीच जागा कधी वाळत नाही. जांभा चिराही पाणी धरून ठेवतो, म्हणून तुमच्याकडं तर ही फट हवीच.

छपराबद्दल मुलाशी बोला. माझं मत ठाम आहे : जांबोटीला उघडा डेक करू नये. पुण्यात चालतं ते इथं चालत नाही. खानापूरच्या कौलांचं छप्पर घाला, १०० चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं धरा. पश्चिमेला वळचण तीन फूट बाहेर काढा, कारण पाऊस तिकडूनच आडवा येतो. आपल्या वाडवडिलांनी पश्चिमेच्या भिंतीला झडी, म्हणजे पावसाचे आडोसे, उगाच बांधल्या नव्हत्या. तुम्हीही जुलै-ऑगस्टपुरत्या बांबूच्या चटया लावू शकता. पैसे अपुरे पडले तर डेक १२ बाय ८ चा करा, पण छप्पर सोडू नका. मुलाला चांदणं पाहायचं असेल तर पायऱ्यांशी चार फुटांचा दगडी कट्टा उघडा ठेवा. दगडाला पाऊस काही करत नाही.

आता लाकूड. भाव मी इथं छापत नाही, ते वखारीगणिक आणि महिन्यागणिक बदलतात. माप देतो, भाव तुम्ही भरा. १ इंच जाडीच्या फळ्यांना साधारण १० घनफूट. दोन बाय चारचे वासे १६-१६ इंचांवर, म्हणजे १० फुटांचे दहा वासे, त्यांना साडेपाच घनफूट. तीन बाय पाचच्या बारा फुटी तीन तुळया, पावणेचार घनफूट. कापण्यातली नुकसानी धरून २२ घनफुटांच्या आसपास. म्हणजे जवळपास निम्मं लाकूड पायाखाली दिसणारच नाही, आणि तिथं सागवान घालायची गरजही नाही. खाली ऐन घाला, ज्याला आपल्याकडं मत्ती म्हणतात. जुन्या घरांच्या तुळया त्याच्याच होत्या. जांबा मिळाला तर फारच उत्तम, ते पूर्वी रेल्वेच्या स्लीपरना वापरत ते लाकूड. वर फळ्यांना सागवान, तेही आतलं गडद लाकूड. कडेचा पांढरा भाग आला तर ती फळी परत करा. पांढरा भाग सागवानाचा असला तरी बुरशी आणि वाळवी तो खातातच. बांधावरचा सिल्व्हर ओक स्वस्तात मिळतो म्हणून कोणी सुचवेल. तो घरातल्या कपाटाला ठीक आहे, बाहेर तग धरत नाही. आंबाही नको.

फॅब्रिकेटरचं म्हणणं अगदीच चूक नाही. सांगाडा लोखंडी करायचा तर गरम जस्तात बुडवून काढलेल्या पाइपांचा करा. नुसत्या रेड ऑक्साइडवर आपला पावसाळा निभावत नाही, आणि गंज धरतो तो नेमका वेल्डिंगच्या सांध्यात.

लाकूड दांडेलीच्या वनखात्याच्या डेपोतल्या लिलावाचं असो की खानापूरच्या वखारीतलं, बिल आणि वाहतुकीचा पास हातात घेतल्याशिवाय गाडीत भरू नका. तुमचा रस्ता जंगलातून जातो, नाक्यावर विचारणा होते. कागद कन्नडमध्ये असतो. त्यावरची जात, नग आणि घनफूट वाचून घ्या, किंवा वाचणाऱ्याला बरोबर न्या.

खरेदी दिवाळीनंतर करा. फळ्या सावलीत, मध्ये आडव्या पट्ट्या घालून रचून ठेवा आणि टोकांना मेण नाहीतर जाड रंग लावा, म्हणजे टोकं फाटणार नाहीत. काम फाल्गुन-चैत्रात घ्या, वळीव जोरात यायच्या आधी संपवा. तेव्हा लाकूड पुरतं वाळलेलं असतं, म्हणून दोन फळ्यांमध्ये ६ मिलिमीटर फट सोडा. साडेपाच इंच रुंदीची सागवानी फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दोन-अडीच मिलिमीटर फुगते. फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून मधून उचलल्या जातात. फट जास्त दिसते म्हणून सुतार कुरकुरतील, तरी ऐकू नका.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ दर्जाचे, अडीच इंची. एकवीस फळ्या, दहा वासे, प्रत्येक जागी दोन, म्हणजे ४२० स्क्रू. आधी भोक पाडून मगच पिळायचे. साधे खिळे मत्तीत गेले की भोवती काळे डाग पडतात आणि काही वर्षांत खिळ्याचं डोकं तुटून फळी हलायला लागते.

रुपयाचे सोळा आणे धरा. चार आणे पाया, निचरा आणि वाळवीचं औषध. चार आणे छप्पर. सहा आणे लाकूड, स्क्रू आणि सुतारकाम. उरलेले दोन आणे कोणालाही न सांगता बाजूला ठेवा. खड्ड्यात मोठा दगड लागतो, गाडीभाडं वाढतं, कौलं फुटतात. त्यातूनही उरलं तर ते पुढच्या पावसाळ्याआधीच्या तेलपाण्याला. चकचकीत वार्निश मात्र अजिबात लावू नका, आपल्याकडं त्याला फोड येतात आणि खाली पाणी शिरतं. लाकडात मुरणारं तेल लावा, दर एप्रिल-मेमध्ये, टोकांना दोनदा. कच्चं जवसाचं तेल नको, त्यावर काळी बुरशी चढते. वासे-तुळयांना खालून काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडची जुनी रीत चांगली आहे आणि चंदगडचा काजू काही लांब नाही. फक्त ते अंगावर पडू देऊ नका, कातडी भाजते. बसायच्या फळ्यांना ते लावायचं नाही.

प्रश्न : टिळकवाडीत आमच्या पहिल्या मजल्यावर गच्ची आहे. तिच्यावर डब्ल्यूपीसीचा, म्हणजे प्लॅस्टिक-लाकडाच्या पट्ट्यांचा, डेक टाकायचा विचार आहे. सासूबाईंना भीती वाटते की खालची खोली गळेल. गच्ची सध्या एका कोपऱ्यात थोडी ओलावते. डेक टाकला की पाणी थेट स्लॅबवर पडणार नाही, म्हणजे गळती थांबेल ना?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही, थांबणार नाही. सासूबाईंची भीती रास्त आहे. डेकच्या फटींतून सगळं पाणी खाली जातं, आणि वर झाकण आल्यामुळं स्लॅब वाळायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. ओलावणारा कोपरा आधी दुरुस्त करा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाण्याच्या तोंडांना बोळे लावून गच्चीत पाणी भरा, ४८ तास ठेवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. उतार शंभरास एक तरी असावा. पाणी कोपऱ्यात साचून राहत असेल तर डेकचे पैसे थांबवा आणि उतार करून घ्या. ठेकेदार म्हणेल, डेकखाली दिसणार कुठं आहे? दिसत नाही म्हणूनच ते आधी व्हायला हवं.

डेक बसवताना स्लॅबला एकही भोक पाडू देऊ नका. रबराच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बैठका मिळतात, त्यावर ॲल्युमिनियमचे किंवा जस्तलेपाचे वासे नुसते ठेवायचे. डब्ल्यूपीसी लाकडापेक्षा जास्त लवतं, म्हणून वासे १२ इंचांवर घ्या, १६ वर नको. उन्हात त्याची लांबी वाढते, तेव्हा टोकाला टोक भिडवायचं नाही, ५ मिलिमीटर जागा ठेवायची. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, हेही सासूबाईंना आधीच सांगा. वाळवी त्याला सहसा लागत नाही, पण त्यात लाकडाचा भुसा असतो, म्हणून सावलीत शेवाळ धरतंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेक दोन बाय चार फुटांच्या उचलता येणाऱ्या तुकड्यांत करून घ्या, निदान पाण्याच्या तोंडांजवळ तरी. तुमच्या भागात झाडं भरपूर आहेत. पानं फटींतून खाली जातात, तोंड बुजतं, पाणी साचतं आणि त्यात डेंगीचे डास होतात. मेअखेर एकदा आणि पावसात दर पंधरवड्याला तो तुकडा उचलून हात घालून साफ करायचा. ज्याला हे जमणार नाही त्यानं गच्चीवर डेक करूच नये. चांगली फरशी आणि चार वेताच्या खुर्च्या पुरेत.

प्रश्न : नंदगडचं आमचं आजोबांचं घर उतरवतोय. सागवानी तुळया, वासे, दोन नक्षीचे खांब निघालेत. भंगारवाला कमी भाव देतो. याच लाकडाचा नव्या घरापुढं डेक होईल का? चुलत्यांचं म्हणणं, जुनं लाकूड पाण्यात टाकलं तरी काही होत नाही.
– एक वाचक, नंदगड

उत्तर : भंगारवाल्याला देऊ नका, दादा. इतकं मुरलेलं सागवान आज विकत घ्यायला निघालात तर मिळणं कठीण, आणि मिळालं तरी परवडणार नाही. पण चुलत्यांना आदरानं सांगा की ते लाकूड आजवर कौलाखाली होतं, पावसात नव्हतं. त्याची तिथली कीर्ती उघड्यावर लागू होत नाही.

प्रत्येक तुळई हातोडीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर चांगली. पोकळ आला तिथं दाभण टोचून बघा, सहज आत गेलं तर तेवढा भाग कापा. भिंतीत गाडलेलं टोक वरून चांगलं दिसलं तरी हातभर कापूनच टाका, ओल आणि वाळवी तिथूनच शिरते. मग चुंबक फिरवून खिळे शोधा आणि सगळे उपटून काढा. गिरणीत पात्याला एक खिळा लागला तर पात्याचे पैसे तुमच्याकडून घेतात, शिवाय माणसाला इजा होते. लाकडावर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा अजून जिवंत आहे. असं लाकूड औषध मारल्याशिवाय नव्या घराजवळ आणू नका.

सरळ तुळया चिरून १ इंचाच्या फळ्या करा, त्या छपराखालच्या डेकला सुरेख होतील. नवीन लाकडासारख्या त्या आक्रसत नाहीत, पण पावसाळ्यात फुगतातच, म्हणून फट तीच ६ मिलिमीटरची. वाशांचे तुकडे पायऱ्यांना, कठड्याला वापरा. नक्षीच्या खांबांना मात्र करवत लावू नका. ते छपराला आधार म्हणून पुढं उभे करा, खाली काळ्या दगडाची उथळी घालून, म्हणजे बुंधा जमिनीपासून सहा-नऊ इंच वर राहील. आजोबांच्या घरातही ते उथळीवरच असणार, जाऊन बघा. ती उथळीसुद्धा उचलून आणा. चिराईची मजुरी, खिळे काढण्याचे दिवस आणि वाहतूक धरूनही नव्या लाकडापेक्षा बरंच स्वस्त पडेल. फक्त गावाबाहेर नेताना वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून कागद करून घ्या.

प्रश्न : तुम्ही नेहमी खानापूरच्या पावसाचं सांगता. आमच्या निपाणीला एवढा पाऊस नाही. आम्हाला एवढा सगळा खटाटोप कशाला?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : छपराची सक्ती तुम्हाला नाही. पायाची मात्र खानापूरपेक्षा जास्त आहे. तुमची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ टेकवलेला खांब दर वर्षी थोडा वर-खाली होतो. दोन-तीन पावसाळ्यांत डेक एका बाजूला कलतो आणि दार घासायला लागतं. खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्या, मग तो तीन फुटांवर लागो की पाचवर. काळी माती बाहेर टाका, भोवती मुरूम भरून पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करा. बजेट करायच्या आधी कुदळीनं एक खड्डा काढून मुरूम किती खोल आहे ते बघा, कारण तुमच्याकडं खर्चाचा सगळा फरक त्या एका आकड्यानं पडतो. उघडा डेक असेल तर उन्हानं फळ्या राखाडी होतील. त्यानं मजबुतीत काही उणं येत नाही. रंग टिकवायचाच असेल तर तेल वर्षातून दोनदा, एकदा होळीनंतर आणि एकदा दसऱ्याला.